फेब्रुवारीचे अठ्ठावीस दिवस

कामात चूक दाखवलेली मला आवडत नाही. सासूबाईंनी भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं तर मी हसण्यावारी नेते, पण माझ्या कोडवर कुणी बोट ठेवलं की नाकाचा शेंडा लाल होतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात तारखेचा दोष थोडा आणि या नाकाचा जास्त आहे.

मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरला राहते. सासरच्या घराच्या वरच्या खोलीत बसून नागपूरच्या एका लहान कंपनीचं काम करते. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज मीटिंगमध्ये ऐकू जाऊ नये म्हणून खिडकी बंद, पंखा फुल. आमचं मुख्य काम म्हणजे लोकांनी ऑनलाईन भरायचे फॉर्म बनवणं. आणि फॉर्ममध्ये माणसं काय लिहितील याचा नेम नसतो. जन्मतारखेच्या रकान्यात मी मोबाईल नंबर पाहिलेत, गावाचं नाव पाहिलंय, एकदा तर नुसतं 'पोळ्याच्या पाडव्याला' एवढंच लिहिलेलं पाहिलंय. असलं काही आत येऊ नये म्हणून आम्ही रेगेक्स लिहितो. रेगेक्स म्हणजे चिन्हांची एक ओळ. रकान्यात आलेला मजकूर कसा दिसला तर चालेल, हे ती ओळ मशीनला सांगते. आधी दोन आकडे, मग तिरकी रेघ, पुन्हा दोन आकडे, पुन्हा रेघ, मग चार आकडे. धान चाळायच्या चाळणीसारखंच आहे हे. भोकं ज्या मापाची असतील तेवढंच खाली पडतं.

कंपनीकडे एका संस्थेच्या मोतीबिंदू शिबिराचं काम आलं. साठीच्या पुढच्या माणसांची नोंदणी गावोगावच्या ऑनलाईनच्या दुकानांतून व्हायची, यादी लागायची, गाडी येऊन म्हाताऱ्यांना घेऊन जायची आणि ऑपरेशन करून परत सोडायची. गावं पवनी तालुक्यातली होती. माझं माहेर त्याच तालुक्यात, कोंढ्याला. मी हात वर केला आणि म्हटलं, हा फॉर्म मी करते, आमच्याकडची माणसं मला माहीत आहेत.

माहीत होतीच. आमच्याकडे तारीख टिंबं देऊन लिहितात, हे मला माहीत होतं, म्हणून मी टिंबही चालवलं, आडवी रेघही चालवली. कुणी देवनागरी आकडे टाकतं, तेही घेतले. महिना एका आकड्यात लिहिला तरी पुढे शून्य आपोआप लागेल अशी सोय केली. एप्रिलला एकतीस तारीख टाकली तर अडेल, तेरावा महिना टाकला तर अडेल. सगळं एका ओळीत. ती ओळ मी दोन दिवस घासूनपुसून लिहिली आणि मला ती फार देखणी वाटत होती. त्यात फेब्रुवारीचा तुकडा असा होता: 0[1-9]|1[0-9]|2[0-8]. म्हणजे एक ते अठ्ठावीस.

एकोणतीस मी सोडली, ती विसरून नाही, हे लिहिताना आजही कसंतरी होतं. रेगेक्सला भागाकार येत नाही. वर्षाला चारनं भाग जातो की नाही हे त्याला कळत नाही, म्हणून लीप वर्षांचे शेवटचे आकडे एकेक करून मांडून द्यावे लागतात. ओळ दुप्पट लांब होते आणि दिसायला ओंगळ होते. मीटिंगमध्ये मी ती ओळ दाखवली तेव्हा आमच्यातली सगळ्यात नवी मुलगी, नागपूरचीच, हळूच म्हणाली, "ताई, एकोणतीस फेब्रुवारी अडेल ना? रेगेक्सनं फक्त आकार बघू दे, तारीख खरंच आहे का ते कॅलेंडरला विचारू." तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पण बोट माझ्या कोडवर होतं. मी म्हटलं, "अगं, आमच्या जिल्ह्यातले म्हातारे सगळे एक जुलैलाच जन्मतात." सगळे हसले. तीही हसली, आणि विषय संपला.

त्या विनोदात खोटं काही नव्हतं. शाळेत नाव घालायला बाप पोराला घेऊन जायचा. गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? बाप सांगायचा, तळ्याची पाळ फुटली त्या साली, रोवणीच्या दिवसांत. गुरुजी पोराकडे बघून वर्ष ठरवायचे आणि पुढे एक जुलै लिहून टाकायचे. माझे वडील एक जुलैचे, दोन्ही काका एक जुलैचे, सासरेही एक जुलैचे. त्या दिवशी आमच्या घरच्या ग्रुपवर केकांची चित्रं इतकी येतात की शेवटी कुणीच कुणाला धड शुभेच्छा देत नाही. नागपूरच्या त्या मुलीनं हा रेगेक्स लिहिला असता तर तिनं एकोणतीस सोडली नसती. तिला आमचे म्हातारे माहीत नव्हते. मला माहीत होते, म्हणूनच ही चूक मी केली.

आणखी एक हौस मी केली. तारीख अडली की लाल अक्षरांत जी सूचना येते ती सहसा इंग्रजीत असते. मी ती मराठीत लिहिली: 'ही जन्मतारीख खरी नाही. कृपया खरी जन्मतारीख टाका.' कंपनीत सगळ्यांनी वाहवा केली.

नोंदणी सुरू झाल्यावर चार-पाच दिवसांनी वडिलांचा फोन आला. मी दुसऱ्याच कामात होते, कानाला एक फोन आणि समोर दुसरी मीटिंग.

"बाई, आपल्या कोतवालबाबाचा फारम नाही भरून राहिला," वडील म्हणाले. "तारीख टाकली का लाल करून राहिलं म्हणते."

"बाबा, आधारवर जे आहे तेच टाकाले सांगा. दुकानवाला चुकीचं टाईप करत असन."

"तेच टाकलं म्हणते ना."

"मग पुन्हा टाकाले सांगा. बाकी सगळ्यांचे भरून राहिले ना? मी मीटिंगमध्ये आहो."

तारीख कोणती, एवढं विचारायला मला दोन सेकंद लागले असते. मी विचारलं नाही. माझं सगळं काम शहापूरला बसून उंटावरून शेळ्या हाकण्यासारखं, आणि त्यातली एक शेळी ओरडत होती तर तिचाच गळा खराब असेल असं मी धरून चालले.

हे कोतवालबाबा म्हणजे आमच्या माहेरचे शेजारी. मी त्यांना बाबाजी म्हणते. कोतवाल ते स्वतः नव्हते, त्यांचे वडील होते. पूर्वी गावात कुणी जन्मलं, कुणी मेलं की त्याची नोंद कोतवालाच्या पंजीत व्हायची आणि ती पंजी तहसीलला जमा व्हायची. बाबाजींना शाळेत घालताना गुरुजींनी नेहमीप्रमाणे एक जुलै लिहायला घेतली, तेव्हा कोतवालानं गुरुजींचा हात धरला म्हणे. म्हणाला, याची तारीख मी माझ्या हातानं लिहिली आहे, तीच टाका. त्यामुळे त्यांच्या वयाच्या माणसांत खरी जन्मतारीख असलेला तो एकच माणूस गावात होता, आणि याचा त्यांना केवढा अभिमान! पारावर बसून बाकीच्यांना चिडवायचे, "तुमी सारे गुरुजीचे लेकरं. मी मायाच बापाचा." पण ती तारीख कोणती, हे मी कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. बारावीनंतर माझ्या जातपडताळणीसाठी आजोबांची जुनी नोंद हवी होती. तेव्हा वडिलांसोबत पवनीला जाऊन, कोणत्या सालची पंजी काढायची हे सांगून, ती ओळ शोधून देणारे हेच बाबाजी. त्या नकलेवर माझं इंजिनीअरिंग झालं. त्याच इंजिनीअरिंगच्या जोरावर मी पुढे ती देखणी ओळ लिहिली.

धान चुरून-मळून झालं आणि मी दोन दिवस माहेरी गेले. नोंदणी बंद होऊन बारा-तेरा दिवस झाले होते. जेवताना वडिलांनी सहज सांगितलं की बाबाजींचं नाव यादीत लागलं नाही. दुकानवाल्यानं तीन दिवस प्रयत्न केला. मग तो म्हणाला, बाबा, आपण एक जुलै टाकून देऊ, झटकन जाते. बाबाजी उठूनच आले. मग दोनदा पवनीला गेले, एसटीनं, एकटे. पहिल्यांदा तहसीलच्या रेकॉर्डवाल्यानं गुरुवारी या म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांदा नक्कल मिळाली. ती घेऊन ते दुकानात आले तेव्हा शेवटचा दिवस होता. नक्कल स्क्रीनसमोर धरून तर उपयोग नव्हता. पुन्हा तीच तारीख टाकली, पुन्हा तीच लाल अक्षरं आली.

"कोणती तारीख आहे त्यांची?" मी आता विचारलं.

"मले काय मालूम," वडील म्हणाले. "जाऊन पाय ना."

मी गेले. बाबाजी आंगणात बाजेवर बसले होते. माझ्या चपलांच्या आवाजावरून ओळखलं त्यांनी. चेहरा दिसला नव्हता, कारण नजर दुसरीकडेच होती. डाव्या बुबुळावर दुधाची साय आल्यासारखं पांढरं झालं होतं. त्यांनी बंडीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला कागद काढला.

"वाच बरं, बाई. मले दिसत नाही. एकोणतीसच हाय ना? फेबरवारीच हाय ना?"

झेरॉक्सवर जुनं वळणदार अक्षर होतं. जन्मलेल्याचा बाप म्हणून जे नाव होतं, तेच खाली नोंद करणाऱ्याचं. एकोणतीस फेब्रुवारी. वर्ष लीपच होतं, मी मनात भागून पाहिलं. आंगणात सात-आठ कोंबड्या आणि आम्ही दोघंच, तरी मला वाटलं की सगळं गाव माझ्याकडे बघतंय.

"एकोणतीसच हाय, बाबाजी."

"मंग ते कम्प्युटर काहून म्हणते का खरी नाही म्हणून?"

मी म्हटलं, "साईटमध्ये काही प्रॉब्लेम असन."

असन! जशी काही ती साईट कुण्या परक्याची होती, आणि मी वाटेनं जाता जाता अंदाज सांगत होते. पुढे मी असंही म्हटलं की मी तुमाले स्वतः भंडाऱ्याले दवाखान्यात नेईन, काळजी करू नका. त्यांनी मान हलवली आणि चहा ठेवायला सुनेला हाक मारली. मी तो चहा प्यायले.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. फेब्रुवारीच्या तुकड्यातल्या आठाचा नऊ केला. त्या नव्या मुलीनं सांगितलं होतं तसं, तारीख खरंच त्या वर्षात आहे का हे कॅलेंडरला विचारणाऱ्या तीन ओळी खाली जोडल्या. दहा मिनिटंही लागली नाहीत. वरातीमागून घोडं म्हणतात तसं, नोंदणी बंद झालेल्या फॉर्मची दुरुस्ती. बदल केला की काय केलं हे एका ओळीत लिहून ठेवायचं असतं. मी लिहिलं, 'तारखेत किरकोळ दुरुस्ती'. कंपनीत ती ओळ कुणी उघडूनही पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी मी शिबिराच्या संयोजकांना फोन केला. बाई चांगल्या होत्या. मी म्हटलं, आमच्या शेजारचे एक म्हातारे राहून गेलेत, एक नाव घेता येईल का? त्या म्हणाल्या, सगळेच असं सांगतात हो, यादी गेली, आता पुढच्या वर्षी बघू. एवढ्यावर मी फोन ठेवला. फॉर्म आमचा होता, चूक माझी होती, त्या माणसानं वेळेत आणि खरी माहिती दिली होती, हे मी बोलले नाही. बोलले असते तर कदाचित त्यांनी नाव घेतलं असतं. घ्यायलाच लागलं असतं, असंही मला वाटतं. पण मग आणखी कितीजण अडले, हा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण अडलेल्या माणसांची नोंद आमचा फॉर्म ठेवतच नव्हता. कंपनीत कळलं असतं. ती नवी मुलगी काही बोलली नसती, तिनं नुसतं बघितलं असतं. मला तिच्या त्या बघण्याची भीती वाटली, आणि त्या भीतीपुढे बाबाजींचा डोळा मी लहान मानला. हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

भंडाऱ्याला नेईन म्हटलं होतं. आधी एका कामाची मुदत आली, मग सासूबाईंचा गुडघा, मग माझाच ताप. या रविवारी, पुढच्या रविवारी असं करता करता थंडी संपली. खरं सांगायचं तर मला त्यांच्यासमोर जायचंच नव्हतं. कामं काय, ती कधीच संपत नसतात.

एका सकाळी वडिलांचा फोन आला. बाबाजींचा डावा डोळा लालबुंद झाला होता, डोकं फुटेल असं दुखत होतं, रात्रीपासून उलट्या चालल्या होत्या. मी नवऱ्याची गाडी घेऊन कोंढ्याला गेले आणि त्यांना मागच्या सीटवर बसवून भंडाऱ्याला आणलं. वाटेत ते डोळ्यावर ओला दुपट्टा धरून बसले होते. कण्हलेसुद्धा नाहीत.

दवाखान्यातल्या खिडकीवर एक तरुणी कम्प्युटरवर नावं घेत होती. नाव झालं, गाव झालं. मग तिनं विचारलं, "जन्मतारीख?"

बाबाजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग माझ्या दिशेनं हात केला.

"मले नोको विचारू, माय. तिले विचार. कोणती तारीख चालते ते तिले मालूम."

आयुष्यभर पारावर छाती काढून जी तारीख त्यांनी सांगितली, ती सांगायला आता ते माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, एकोणतीस फेब्रुवारी, आणि वर्ष सांगितलं. तरुणीनं टाईप केलं. मी तिच्या स्क्रीनकडे वाकून बघत राहिले. काही लाल झालं नाही. तिनं पावती फाडून हातात दिली.

डॉक्टरांनी तपासलं, थेंब टाकले, पुन्हा तपासलं. मग मला बाजूला न घेता त्यांच्यासमोरच सांगितलं. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून फुगला होता, आतला दाब वाढला होता, नस गेली होती. दुखणं थांबवता येईल, नजर येणार नाही. उजव्याचं ऑपरेशन लगेच करू, तो वाचेल.

"इतके दिवस काय करत होते तुम्ही लोक?" डॉक्टर मला म्हणाले. "चार महिन्यांआधी आणलं असतं तर दोन्ही डोळे राहिले असते."

मी काही बोलायच्या आधी बाबाजीच म्हणाले, "धानाचे दिवस होते, साहेब. कोणाले फुरसत राह्यते."

बाहेर बाकावर आम्ही बसलो. त्यांच्या डाव्या डोळ्यावर पट्टी, उजव्यात औषध टाकून तोही मिटलेला. त्यांना मी दिसत नव्हते, म्हणूनच मला बोलता आलं असावं. मी सांगितलं की साईटमध्ये प्रॉब्लेम नव्हता. फॉर्म मी बनवला होता. फेब्रुवारीचे दिवस मी अठ्ठावीसच ठेवले होते, एका मुलीनं सांगितलं तरी ऐकलं नव्हतं. ती लाल अक्षरंही माझीच होती. "तुमची तारीख खरी होती, बाबाजी. मायंच चुकलं."

त्यांनी डाव्या डोळ्यावरची पट्टी चाचपली. मग म्हणाले, "फारम तुयाच होता, ते मले मालूम हाय. तुया बापानं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. लई खूश होता तो, मायी पोरगी आपल्या गावाचं काम करून राहिली म्हणून."

"मग तुमी मले काहून नाही म्हटलं काही?"

"काय म्हणू? दुसऱ्या कोणाचा असता त दुकानातच भांडलो असतो. पण तुया होता. म्हटलं, आपली पोरगी इंजिनियर हाय, ते काही खोटं लिहणार नाही. मायाच बापाचा हात चुकला असन. म्हणून त पवनीले गेलो होतो, पंजी पाहाले."

मला इतके दिवस वाटत होतं की बाबाजी मशीनला खोटं पाडायला पवनीला गेले. तसं नव्हतंच. अर्धवट नजरेनं, दोनदा एसटीनं जाऊन, ते आपल्या मेलेल्या बापाची चूक शोधायला गेले होते, कारण माझी चूक असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. नक्कल हातात आल्यावरही त्यांचं समाधान झालं नाही. ती वाचून खात्री करून द्यायला त्यांनी ती माझ्याचकडे दिली, आणि मी चहा पिऊन परत आले.

आतून नर्सनं त्यांचं नाव पुकारलं. मी उठले, त्यांना हात दिला. माफ करा हे शब्द तोंडाशी आले होते. मी ते बोलले नाही. मागितली असती तर त्यांनी तिथल्या तिथे माफी दिली असती, हे मला ठाऊक होतं, आणि ती घ्यायची माझी लायकी नव्हती.